पंपघरातला पिको मध्यरात्री पडला तर? मायक्रोपायथनमधल्या अनपेक्षित एरर हाताळायची पद्धत

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा पंप मी बसवलेली यंत्रणा आपोआप चालू-बंद करते. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन घटना घडल्या. एका पहाटे वॉचमनकाकांनी बेल वाजवली. "दादा, टाकी कधीची ओसंडतेय, पंप बंदच होत नाहीये." चार दिवसांनी सकाळी साडेसहाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अरे, नळाला थेंब नाही. तुझं ते मशीन बघ जरा."

पहिल्या वेळी पंप थांबला नाही, दुसऱ्या वेळी सुरूच झाला नाही. दोन्ही वेळी बोर्ड ठीक होते आणि पंपही ठीक होता. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती, आणि तीही नेहमीच्या कामाच्या ओळींत नव्हती. काम बिघडल्यावर काय करायचं, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. त्यानंतर दोन महिने बसून सगळं नव्याने लिहिलं. ते कसं, हे इथे सविस्तर सांगतो. टाकीऐवजी तुमच्याकडे कुंड्यांना पाणी देणारी यंत्रणा असो किंवा दुकानातल्या फ्रीजरचं तापमान बघणारा सेन्सर असो, क्रम हाच राहील.

यंत्रणा साधी आहे. गच्चीवर एक रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि टाकीच्या झाकणाला वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर, जो आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो. तळमजल्यावर पंपघरात दुसरा पिको डब्ल्यू आणि रिले, म्हणजे बोर्डाच्या सिग्नलवर पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. दोन्ही बोर्डांवर मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीची पायथन भाषा, चालते. गच्चीवरचा बोर्ड दर दहा सेकंदांनी वायफायवरून यूडीपीने पातळी पाठवतो, खालचा ती वाचून पंप चालू-बंद करतो आणि मधूनमधून माझ्या फोनवर कळवतो. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं. रिलेच्या पुढचं २३० व्होल्टचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, तुम्हीही तसंच करा.

लेखात फंक्शनची आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

नेमकं बिघडलं काय होतं

पहिल्या रात्री राउटर काही मिनिटं बंद पडला. फोनवर कळवणाऱ्या ओळीला नेटवर्क मिळालं नाही आणि तिने 'ओएसएरर' फेकली. ती पकडणारं कोणी नव्हतं. मायक्रोपायथनमध्ये न पकडलेली एरर आली की ट्रेसबॅक (एरर कुठल्या ओळीवर आली ते सांगणारा मजकूर) सीरियलवर, म्हणजे जोडलेल्या लॅपटॉपवर, छापला जातो, प्रोग्राम संपतो आणि बोर्ड कमांडची वाट बघत बसतो. पंपघरात तो ट्रेसबॅक वाचायला लॅपटॉप नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोग्राम संपला तरी पिना जशा होत्या तशाच राहतात. रिलेची पिन 'चालू'वर होती, ती चालूच राहिली.

दुसऱ्या वेळची चूक जास्त फसवी होती. सेन्सरचा प्रतिध्वनी मोजायला मी मशीन मॉड्यूलमधलं 'टाइम पल्स यूएस' वापरलं होतं. प्रतिध्वनी आलाच नाही तर हे फंक्शन एरर फेकत नाही. पल्स सुरूच झाली नाही तर ते उणे दोन परत देतं, सुरू होऊन वेळेत संपली नाही तर उणे एक. सेन्सरच्या वायरीत पाणी शिरलं होतं. माझ्या सूत्राने उणे दोनचं अंतर काढलं, ते जवळजवळ शून्य सेंटीमीटर आलं, म्हणजे पाणी थेट सेन्सरला टेकलेलं, म्हणजे टाकी काठोकाठ. पंप का सुरू होईल?

तिसराही एक प्रकार असतो, तो पुढे कसून तपासताना सापडला: एरर नाही, चुकीचा आकडा नाही, प्रोग्राम नुसता एका ओळीवर अडकून राहतो. सॉकेटला (नेटवर्कवरचे निरोप घेणाऱ्या जोडणीला) वेळमर्यादा दिली नाही तर 'रिसीव्ह फ्रॉम' पॅकेट येईपर्यंत थांबतो, मग ते पॅकेट कधीच न येवो.

फेकलेली एरर, मुकाट चुकीचा आकडा आणि हँग. या तिघांना तीन वेगळे उपाय लागतात. पहिल्याला 'ट्राय–एक्सेप्ट' (एरर पकडून पुढे काय करायचं ते लिहायची पायथनची रचना), दुसऱ्याला आकड्यांची तपासणी, तिसऱ्याला वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर). सगळीकडे ट्राय घातला की झालं, असं मला आधी वाटायचं. त्याने तिघांपैकी एकच सुटतो.

पायरी पहिली: कोड उघडण्याआधी रिले

प्रोग्राम कुठल्याही क्षणी मेला तर पंप कोणत्या स्थितीत असला पाहिजे? आमच्याकडे उत्तर 'बंद'. फ्रीजरच्या बाबतीत ते 'चालू' असेल. हे आधी कागदावर लिहा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर ठरतो.

मग हार्डवेअर त्या उत्तराशी जुळवा. बाजारातले बरेच स्वस्त रिले मॉड्यूल पिन 'लो' झाल्यावर चालू होतात. रीसेटच्या क्षणी पिको सगळ्या पिना इनपुट करून टाकतो, त्यामुळे त्या काही क्षणांत रिलेचं काय होतं हे मॉड्यूलवर अवलंबून असतं. 'हाय'वर चालू होणारं मॉड्यूल घ्या आणि सिग्नलच्या पिनवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. कोडमध्ये पिन बनवतानाच तिची सुरुवातीची किंमत शून्य द्या. आधी पिन बनवून पुढच्या ओळीत शून्य देऊ नका.

पंपाच्या सर्किटमध्ये रिलेबरोबर सिरीजमध्ये एक साधा फ्लोट स्विचही टाकून घ्या. टाकी भरली की तो सर्किट तोडतो, पायथन जिवंत असो वा नसो. खालच्या टाकीतही एक हवा, पाणीकपातीच्या दिवशी पंप कोरडा फिरू नये म्हणून. एवढं झालं की सॉफ्टवेअरच्या चुकीने फार तर पाणी चढणार नाही. गच्चीवरून रात्रभर वाहून तर जाणार नाही.

पायरी दुसरी: मेन फाइल अगदी छोटी ठेवा

बोर्ड सुरू झाला की आधी 'बूट डॉट पीवाय' आणि मग 'मेन डॉट पीवाय' चालते. माझी सगळी करामत मेनमध्येच होती. आता मेनमध्ये पंचवीसेक ओळी आहेत आणि खरं काम 'टाकी डॉट पीवाय' या वेगळ्या फाइलमध्ये आहे. मेन काय करते, ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी रिले बंद. मग पाच सेकंद एलईडी लुकलुकत थांबणं. या वेळात लॅपटॉप जोडून कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवता येतो. शिवाय १५ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असेल तर मेन तिथेच संपते. हा दुरुस्तीचा दरवाजा आहे. तो ठेवला नाही आणि प्रोग्राम सुरू होताच पडून रीसेट होत राहिला, तर बोर्डात शिरणंच अवघड होतं.

त्यानंतर ट्रायच्या आत टाकी फाइल इम्पोर्ट करायची आणि तिचं मुख्य फंक्शन हाकायचं. इम्पोर्टसुद्धा ट्रायच्या आत हवं. टाकी फाइलमध्ये कंस राहून गेला असेल तर होणारी 'सिंटॅक्सएरर' इम्पोर्टच्या वेळी येते आणि बाहेरचा ट्राय ती पकडतो. तीच चूक मेनमध्येच असेल तर ती पकडायला कोणीच नाही. म्हणून मेन छोटी ठेवायची, एकदा नीट तपासायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही.

पकडताना 'एक्सेप्ट एक्सेप्शन' असं लिहा. नुसतं 'एक्सेप्ट' लिहिलं तर त्यात कंट्रोल-सीने येणारा 'कीबोर्डइंटरप्ट'ही अडकतो आणि तुमचाच प्रोग्राम तुम्हाला थांबवता येत नाही. कीबोर्डइंटरप्ट हा एक्सेप्शनचा वारस नाही, थेट बेसएक्सेप्शनचा आहे, म्हणून हा फरक पडतो.

एक्सेप्टमध्ये तीनच कामं: नोंद लिहा, पाच सेकंद थांबा, 'मशीन डॉट रीसेट' करा. रिले बंद करणं मात्र 'फायनली'मध्ये, टाकी फाइलच्या मुख्य फंक्शनभोवती. म्हणजे एरर आली काय किंवा कंट्रोल-सी दाबलं काय, पंप बंद होतोच. पण वॉचडॉगने रीसेट केलं किंवा वीजच गेली तर फायनली चालत नाही. पहिल्या पायरीतला रेझिस्टर त्यासाठी आहे.

एरर कायमची असेल तर बोर्ड दिवसभर पडत-उठत राहील. म्हणून लागोपाठ किती वेळा पडला ते एका छोट्या फाइलमध्ये मोजा. पाच वेळा झालं की पाच सेकंदांऐवजी दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटं सुरळीत गेली की मोजणी पुन्हा शून्य.

पायरी तिसरी: सेन्सरजवळ काय पकडायचं आणि काय सोडायचं

सेन्सर वाचणारं फंक्शन स्वतंत्र लिहा आणि ते एकतर खरा आकडा देईल किंवा 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही'), एवढं पक्कं करा. शून्य किंवा उणे एक असले संकेत वापरू नका. कारण साधं आहे. शून्य हा वाचनाचा आकडा म्हणून पुढे बिनबोभाट खपून जातो. नन मात्र खपत नाही. तुम्ही तपासायला विसरलात आणि ननची तीसशी तुलना केली तर पायथन तिथेच 'टाइपएरर' फेकतो. तुमचा विसर लगेच उघडा पडतो, आणि टाकीच्या बाबतीत मला हेच हवं आहे.

आमचं फंक्शन पाच वाचनं घेतं. प्रत्येक वाचनाला ३० हजार मायक्रोसेकंदांची मर्यादा दिली आहे. मर्यादा न देता हे फंक्शन एक सेकंद वाट बघतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत जाऊन-येऊन पाचेक मीटर. टाकीला पुरे. उणे आलेली वाचनं टाकून द्यायची. उरलेल्यांत जी सेन्सर ते तळ या अंतरात बसत नाहीत तीही टाकायची. जेएसएन-एसआर०४टी जातीच्या सेन्सरला वीसेक सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून तो पाण्याच्या कमाल पातळीपासून किमान २५ सेंटीमीटर वर बसवा आणि त्याहून कमी अंतर आलं तर ते खोटं माना. तीन तरी वाचनं उरली तर मधलं घ्या, नाहीतर नन. सरासरी नको, एक वेडावाकडा आकडा सरासरी बिघडवतो. आणि हा सेन्सर पाच व्होल्टवर चालवला तर त्याची 'एको' पिन पाच व्होल्ट देते. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, मध्ये दोन रेझिस्टरचा विभाजक टाकायला विसरू नका.

दुसरे सेन्सर वापरत असाल तर त्यांचे स्वभाव वेगळे. आय-टू-सी या दोन वायरींच्या जोडणीवरचा सेन्सर निखळला तर पिकोवर बहुधा ओएसएरर क्रमांक ५ मिळते, ईएसपी३२ या दुसऱ्या जातीच्या बोर्डावर १९. तापमान-आर्द्रता मोजणाऱ्या डीएचटी२२ चा चेकसम (आकडा नीट पोचला का ते तपासणारी बेरीज) चुकला तर साधं एक्सेप्शन येतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर मात्र दगा देतो. वीज आल्यानंतर मापन पूर्ण होण्याआधी वाचला तर तो शांतपणे ८५ अंश सांगतो. पूर्ण अचूकतेच्या मापनाला त्याला पाऊण सेकंद लागतो. फ्रीजरमध्ये ८५ दिसलं तर ते फेकून पुन्हा मोजा.

इथे ट्रायमध्ये फक्त 'ओएसएरर' पकडा, लागलीच तर 'व्हॅल्यूएरर'. 'नेमएरर', 'अ‍ॅट्रिब्यूटएरर', 'टाइपएरर' या हवामानाच्या किंवा वायरीच्या चुका नाहीत, तुमच्या-माझ्या आहेत. त्या मेनपर्यंत वर जाऊ द्या, म्हणजे नोंद होईल. एक्सेप्टखाली नुसतं 'पास' लिहिणं मी पूर्ण सोडून दिलं आहे. त्याने एरर जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

एकदा नन आला म्हणून घाबरायचं नाही. पावसाळ्यात सेन्सरवर वाफ जमते, एखादं वाचन हुकतं. लागोपाठ सहा वेळा, म्हणजे एक मिनिट नन आला की मात्र गच्चीवरचा बोर्ड 'सेन्सर बंद' असा वेगळा निरोप खाली पाठवतो.

पायरी चौथी: शिळी बातमी

खालच्या बोर्डाला शेवटची पातळी 'टाकी अर्धी' मिळाली आणि नंतर वायफाय गेलं, तर तो अर्ध्या टाकीवर विश्वास ठेवून पंप चालवत राहील. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तो कधी आला ती वेळ ठेवा. आमचा नियम: दोन मिनिटांत ताजी पातळी नाही तर पंप बंद. सॉकेटला दोन सेकंदांची वेळमर्यादा आहे. पॅकेट आलं नाही की ओएसएरर ११० येते. ती खरं तर एरर नाही, 'अजून काही नाही' एवढाच निरोप आहे. तेवढाच क्रमांक गिळायचा, बाकीचे 'रेझ'ने पुन्हा वर फेकायचे.

वेळ मोजताना मी एक चूक केली होती, जी टेबलावर कधीच दिसली नसती. मिलिसेकंद मोजणाऱ्या 'टिक्स एमएस'च्या दोन किमतींची मी सरळ वजाबाकी करत होतो. पिकोवर हा आकडा दोनच्या तिसाव्या घातापर्यंत वाढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. मिलिसेकंदांत ते साधारण १२.४ दिवस होतात. त्या क्षणी वजाबाकी प्रचंड उणे येते, 'दोन मिनिटांपेक्षा जास्त' ही अट खोटी ठरते आणि शिळी बातमी ताजी वाटते. 'टिक्स डिफ' हे फंक्शन नेमकं यासाठी दिलेलं आहे. तुमच्या कोडमध्ये शोधा, एकही साधी वजाबाकी शिल्लक ठेवू नका.

पंपाला एका दमात चालायची कमाल मर्यादाही घाला. आमची टाकी २५ मिनिटांत भरते, मर्यादा ३५ मिनिटांची.

वायफायबद्दल थोडक्यात: 'कनेक्ट' फंक्शन पासवर्ड चुकला तरी एरर फेकत नाही. 'स्टेटस' तपासावा लागतो. पिको डब्ल्यूवर ३ म्हणजे जोडलं, उणे २ म्हणजे नेटवर्क सापडलं नाही, उणे ३ म्हणजे पासवर्ड चुकीचा. वीस सेकंद वाट बघा, नाही जमलं तर मुख्य फेरीत, म्हणजे प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या लूपमध्ये, परत या. जोडणीसाठी अनंत 'व्हाइल' (न संपणारा लूप) कधीही लिहू नका. फोनवर कळवण्यासाठी रिक्वेस्ट वापरत असाल तर तिला वेळमर्यादा द्या आणि उत्तर फायनलीमध्ये 'क्लोज' करा. नाहीतर सॉकेट साठत जातात आणि काही तासांनी मेमरी किंवा नेटवर्कची एरर भलत्याच ओळीवर येते.

पायरी पाचवी: वॉचडॉग, आणि त्याला खायला कुठे घालायचं

वॉचडॉग हा चिपमधला स्वतंत्र टायमर. ठरावीक वेळात त्याला 'फीड' केलं नाही की तो बोर्ड रीसेट करतो. पिकोवर त्याची कमाल मर्यादा ८३८८ मिलिसेकंद आहे. मी आठ हजार ठेवतो. एकदा सुरू केला की थांबवता येत नाही, म्हणून तो मेनमधल्या पाच सेकंदांनंतर, टाकी फाइलमध्ये सुरू करा. नाहीतर लॅपटॉपवरून फाइल कॉपी करता करता बोर्ड रीसेट होत राहील.

फीड एकाच जागी: मुख्य फेरीच्या शेवटी, सगळी कामं झाल्यावर. टायमर इंटरप्टमधून (चालू काम मध्येच थांबवून ठरावीक वेळाने चालणाऱ्या फंक्शनमधून) फीड करायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण मुख्य फेरी अडकली तरी टायमर चालूच राहतो आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं. मग तो असून नसून सारखाच. अपवाद दोनच: वायफायची वीस सेकंदांची वाट आणि मेनमधली दहा मिनिटांची वाट. तिथे मोजून, सेकंदासेकंदाने फीड करायचं.

पायरी सहावी: नोंद

'सिस' मॉड्यूलमधलं 'प्रिंट एक्सेप्शन' हे फंक्शन एरर आणि उघडलेली फाइल घेतं आणि ओळ क्रमांकासकट पूर्ण ट्रेसबॅक फाइलमध्ये लिहितं. नुसता एररचा मजकूर लिहू नका. 'ईआयओ' एवढं वाचून कुठला सेन्सर ते कळत नाही, ओळ क्रमांकावरून कळतं.

त्याआधी 'जीसी कलेक्ट' करा, म्हणजे वापर संपलेली मेमरी मोकळी होते. पिकोत सगळी मिळून २६४ किलोबाइट रॅम आहे आणि आलेली एरर 'मेमरीएरर' असेल तर नोंद लिहायलाही जागा नसते. मोकळी मेमरी किती होती तेही लिहून ठेवा. आठवडाभरात तो आकडा उतरत गेलेला दिसला तर कुठेतरी काहीतरी साठतंय. नोंद लिहिणं स्वतःच्या वेगळ्या ट्रायमध्ये ठेवा, फाइल भरली म्हणून रीसेट राहून जाता कामा नये. फाइल दहा किलोबाइटच्या वर गेली की तिचं नाव बदलून 'जुनी' करा आणि नवी सुरू करा. दर फेरीला काहीही लिहू नका, फ्लॅशची झीज होते. फक्त बिघाड लिहा.

तारखेचं एक: पिकोला बॅटरीचं घड्याळ नाही. वीज आल्यावर तो १ जानेवारी २०२१ पासून मोजायला लागतो. इंटरनेटवरून वेळ घेता आली तर घ्या, पण तीही ट्रायमध्ये. नाही मिळाली तर 'सुरू झाल्यापासून किती सेकंद' हे लिहा. मला त्यावरूनच कळलं की बहुतेक बिघाड वीज आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात होतात, राउटर अजून उठलेला नसतो तेव्हा.

हँगची नोंद आधी लिहिता येत नाही, नंतर ओळखावी लागते. सुरू होताना 'रीसेट कॉज' विचारा. पण पिकोवर मशीन डॉट रीसेटसुद्धा आतून वॉचडॉगच वापरतं, त्यामुळे कारण तेच दिसू शकतं. म्हणून आपण स्वतः रीसेट करण्याआधी शेवटची ओळ 'मी रीसेट केलं' अशी लिहायची. कारण वॉचडॉग आहे आणि ती ओळ नाही, तर बोर्ड अडकला होता.

इंटरप्ट वापरत असाल तर सुरुवातीलाच 'अलॉक इमर्जन्सी एक्सेप्शन बफ'ला १०० देऊन जागा राखून ठेवा. इंटरप्टमध्ये मेमरी मागता येत नाही, त्यामुळे तिथली एरर याशिवाय अर्धवट छापली जाते.

पायरी सातवी: वॉचमनकाकांना दिसेल असं

पंपघरात लॅपटॉप नसतो, माणूस असतो. एलईडी एकदा लुकलुकला तर ठीक, दोनदा तर वायफाय नाही, तीनदा तर सेन्सर नाही. काकांनी हे दोन दिवसांत पाठ केलं. आता ते फोनवर "पंप बिघडला" म्हणत नाहीत, "तीन वेळा मारतोय" म्हणतात, आणि मी सरळ गच्चीवर जातो.

पायरी आठवी: स्वतः बिघडवून बघा

पायथनमध्ये नावाची चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत कळत नाही. एक्सेप्टमधल्या ओळी चालतात त्या नेमक्या बिघाडाच्या वेळी. तिथेच स्पेलिंग चुकलं असेल तर एरर हाताळताना दुसरी एरर. म्हणून प्रत्येक एक्सेप्ट एकदा तरी हाताने चालवून बघायचा.

एका रविवारी दुपारी, सगळ्यांना आधी सांगून, पंपाच्या जागी बल्ब लावून मी हे केलं. गच्चीवर सेन्सरची वायर उपटली: एका मिनिटात तीन लुकलुक, बल्ब बंद. राउटरचा प्लग काढला: दोन मिनिटांनी बल्ब बंद, प्लग लावल्यावर आपोआप सुरू. खालच्या बोर्डाची वीज दहा वेळा काढली-लावली, बल्ब एकदाही चमकला नाही. कोडमध्ये तात्पुरता अनंत व्हाइल टाकला: आठ सेकंदांत रीसेट, नोंदीत 'अडकला'. टाकी फाइलमधला एक कंस मुद्दाम काढला: मेनने पकडलं आणि पाचव्या वेळेनंतर दहा मिनिटांची वाट सुरू झाली. शून्याने भागणारी एक ओळ टाकली, त्यात माझ्याच नोंद लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये फाइलच्या नावाची चूक सापडली. ती त्या दिवशी सापडली नसती तर पहिल्या खऱ्या बिघाडाच्या रात्री सापडली असती, म्हणजे सापडलीच नसती.

बारा दिवसांची वाट बघायची नसेल तर वेळ देणारं स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, त्यात टिक्सच्या आकड्यात हवी तेवढी भर 'टिक्स अ‍ॅड'ने घाला आणि शून्यावर परतण्याचा क्षण पाच मिनिटांवर आणून ठेवा. पंपघराच्या दाराला आतून एक कागदही चिकटवा: लुकलुकण्याचे अर्थ, पंप हाताने चालवायचा बायपास स्विच कुठला आणि तो किती मिनिटांनी आठवणीने बंद करायचा. आमच्या कागदावर २५ लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात.